पाणबुडीचे डिझाइन लवचिक ठेवता येते का?

पाणबुडीचा पहिला आराखडा आणि तिचे जलावतरण यांत दहा-बारा वर्षे जातात आणि तेवढ्या काळात सोनारपासून बॅटरीपर्यंत सारे बदलते. मग तिचे डिझाइन लवचिक ठेवण्याच्या काही पद्धती आहेत का, असे आपण विचारले आहे. मुंबईत जहाजबांधणीच्या ड्रॉइंग ऑफिसात बरीच वर्षे काढल्यामुळे मी उत्तर देण्याचे धाडस करतो. पद्धती आहेत, परंतु इतर युद्धनौकांवर जे सहज जमते ते पाणबुडीत फार महाग पडते.

विनाशिकेवर ऐनवेळी वीस टनांची यंत्रणा वाढली, तर जहाज किंचित खोल बसते आणि स्थैर्याची गणिते पुन्हा तपासून काम पुढे सरकते. त्यामुळेच १९८०च्या दशकात डेन्मार्कला 'स्टँडर्ड फ्लेक्स' पद्धत आणता आली, जिच्यात तोफ किंवा सुरुंगशोधक यंत्रणा कंटेनरसारख्या चौकटीत बसवून बंदरात क्रेनने बदलता येते. पाण्याखाली गेलेल्या पाणबुडीचे वजन मात्र तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकेच असावे लागते, आणि गुरुत्वमध्यही नेमक्या जागी यावा लागतो. पाणी आत-बाहेर करून वजन जुळवणाऱ्या ट्रिम टाक्या असतात, पण त्या इंधन, टॉर्पेडो आणि समुद्राच्या पाण्याची घनता यांतील फरक भरून काढण्यासाठी. डिझाइनरचा हिशेब चुकला तर तो झाकण्यासाठी नव्हेत. पुढच्या वाढीसाठी राखीव म्हणून पाणबुडीत चक्क शिसे भरलेले असते, आणि नवे उपकरण आले की तेवढे शिसे उतरवले जाते.

हे शिसे संपले की काय होते, हे स्पेनच्या एस-८० पाणबुडीने दाखवून दिले. तिचे वजन ७५ ते १०० टनांनी जास्त भरते आहे, हे २०१३ मध्ये उघड झाले. उपाय म्हणून तिची लांबी सुमारे दहा मीटरने वाढवून ८१ मीटरच्या आसपास नेली, तेव्हा कार्ताखेनाच्या तळावरील धक्का अपुरा पडू लागला. पंधरा डब्यांची लोकल आणायची तर आधी फलाट लांबवावे लागतात, हे मुंबईकराला निराळे सांगायला नको.

तरीही त्या घटनेत लवचिकतेची खरी जागा दिसते, कारण स्पेनने लांबी वाढवली, व्यास नव्हे. स्वीडनने १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'नॅकेन' ही पाणबुडी मधोमध कापून तिच्यात बाहेरच्या हवेशिवाय चालणाऱ्या स्टर्लिंग इंजिनाचा नवा भाग जोडला. अमेरिकेच्या व्हर्जिनिया वर्गातील नव्या पाणबुड्यांमध्ये २८ टोमाहॉक क्षेपणास्त्रे मावणारा सुमारे २५ मीटरचा जादा भाग आहे. आपल्याकडे अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेली इंधनघटांवर (फ्युएल सेल) आधारित एआयपी यंत्रणा, म्हणजे बाहेरच्या हवेशिवाय ऊर्जा पुरवणारी यंत्रणा, माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांत अशाच भागाच्या रूपाने बसवायची आहे, आणि तिच्या बांधणीचा करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला. असे जोडकाम सोपे असते असे मात्र समजू नये. प्रत्येक केबल आणि पाइप तोडून पुन्हा जोडावा लागतो, शिवाय नव्या भागाला स्वतःचे वजन स्वतःच तोलून धरता आले पाहिजे.

सुरुवातीच्या टप्प्यावर वापरायच्या पद्धतींपैकी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील डेव्हिड अँड्र्यूज यांची 'बिल्डिंग ब्लॉक' पद्धत मला विशेष उपयुक्त वाटते, कारण तिच्यात लढणे, हालचाल, तरंगणे अशा कार्यांनुसार ठोकळे मांडून जागा आणि वजन यांचा हिशेब एकदमच पाहता येतो. टोयोटाच्या कामावरून ओळखली गेलेली आणि पुढे अमेरिकी नौदलाने लँडिंग क्राफ्टसाठी वापरलेली 'सेट-बेस्ड' पद्धत याहून निराळी आहे. तिच्यात एकच आराखडा पुन्हापुन्हा सुधारण्याऐवजी अनेक पर्याय शक्य तितका काळ समांतर चालू ठेवतात आणि जो नक्कीच जमणार नाही तोच वगळतात. माझ्या मते पाणबुडीत ही पद्धत सर्वप्रथम व्यासाला लावावी. प्रेशर हलच्या, म्हणजे पाण्याचा दाब सोसणाऱ्या मुख्य कवचाच्या, पत्र्याची जाडी, डेकची संख्या आणि वर्कशॉपमधील रिंगा वळवण्याची व्यवस्था हे सारे व्यासावरच ठरते. म्हणून वजनांचे अंदाज स्थिरावेपर्यंत दोन-तीन व्यास चालू ठेवावेत, आणि एकदा निवडलेल्या व्यासाला पुन्हा हात लावू नये.