एच-वन-बी मिळाला म्हणून पदवीचा प्रश्न मिटत नाही

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. कंपनी तुझं ग्रीन कार्डाचं काम सुरू करते आहे हे वाचून बरं वाटलं. मेलमधलं एक वाक्य मात्र खटकलं : ‘नोकरीचा एच-वन-बी व्हिसा झाला, म्हणजे पदवीचा प्रश्न मिटलाच ना?’ नाही मिटलेला. आणि तुझ्या बाबतीत तो पर्मचा, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनी श्रम खात्याकडे करते तो पहिला अर्ज जायच्या आधीच सोडवायला हवा.

तू पुण्याचा बीएस्सी, तीन वर्षांचा. व्हिसाच्या वेळी वकिलाने काय केलं असणार ते सांगतो. एच-वन-बीच्या नियमांत नोकरीची तीन वर्षं कॉलेजच्या एका वर्षाच्या जागी धरता येतात. तुझी कॉलेजची तीन, त्यात नोकरीच्या जोरावर आणखी एक, झाली अमेरिकी बॅचलर. ग्रीन कार्डाला ही बेरीज चालत नाही. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डाचे गट असतात; त्यातला ईबी-2 असो की ईबी-3 मधला प्रोफेशनल गट, तिथे अमेरिकी बॅचलरच्या तोडीची एकच पदवी लागते. अमेरिकी बॅचलर साधारण चार वर्षांची असते, ही भूमिका 1977 च्या ‘मॅटर ऑफ शाह’ निर्णयापासून चालत आली आहे. पैसे भरून पदवीचं इव्हॅल्युएशन करून घेतलंस आणि त्यात ‘समकक्ष’ असं लिहून आलं, तरी यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या लेखी तो फक्त सल्ला. अधिकारी परदेशी पदव्यांची तुलना देणारा ‘एज’ हा डेटाबेस उघडून बघतात, आणि तिथे आपली तीन वर्षांची पदवी म्हणजे तीन वर्षांचं कॉलेज, एवढीच तिची किंमत.

तुझा रूममेट बीई आहे, त्याचं गणित वेगळं. चार वर्षांची पदवी आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा चढत्या जबाबदारीचा अनुभव असेल तर ईबी-2 चा दरवाजा उघडतो. ही पाच वर्षं कधीपासून मोजायची यावर लोक अडतात. पदवीदान समारंभ उशिरा होतो, हातात नुसतं प्रोव्हिजनल सर्टिफिकेट असतं. 2017 च्या एका निर्णयाने हे बरंच सोपं केलं : सगळ्या अटी पूर्ण होऊन विद्यापीठाने पदवी मंजूर केली असेल, तर प्रोव्हिजनलची तारीखही धरता येते. त्याला म्हणावं, तो कागद जपून ठेव.

आता तुझं. तुझी वाट ईबी-3 मधल्या ‘स्किल्ड वर्कर’ची. किमान दोन वर्षांचा अनुभव किंवा प्रशिक्षण लागणारी नोकरी असली की पुरे, पदवीची सक्ती नाही. पण नोकरीसाठी काय पात्रता हवी हे कंपनी पर्ममध्ये लिहिते, आणि तिथे नुसतं ‘बॅचलर किंवा परदेशी समकक्ष पदवी’ असं छापून गेलं, तर तू स्वतःच्याच नोकरीला अपात्र ठरतोस. शिक्षण आणि अनुभव मिळून काय चालेल हे तिथे आणि कंपनी पर्मसाठी देते त्या नोकरीच्या जाहिरातींमध्येही स्पष्ट असायला हवं. पर्म मंजूर झाल्यावर हे शब्द बदलता येत नाहीत; सगळं पहिल्यापासून, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीखही नवी.

‘स्किल्ड वर्कर’ म्हणजे दुय्यम, असं मनात आणू नकोस. प्रोफेशनल आणि स्किल्ड वर्कर यांची रांग एकच आहे. आणि ईबी-2 चा तोरा म्हणशील, तर ऑक्टोबर 2020 मध्ये रांग कुठवर सरकली ते सांगणारी भारतीयांची ईबी-3 ची तारीख ईबी-2 च्या पुढे गेली, तेव्हा कित्येकांनी आपणहून खालच्या गटात अर्ज टाकले. रांग ठरते ती जन्माच्या देशावरून. एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे इथली मास्टर्स घेतलीस तरी तू भारताच्याच रांगेत. मास्टर्स करायचीच असेल तर कर. संस्था अ‍ॅक्रेडिटेड आहे का ते आधी बघ. ईबी-2 ला ती चालेल, पण नव्या पर्मच्या आधी ती पूर्ण झालेली हवी. आय-140, म्हणजे पर्मनंतर कंपनी यूएससीआयएसकडे करते तो अर्ज, मंजूर असेल तर जुनी तारीख सहसा सोबत येते, म्हणून आत्ताचा अर्ज लांबवू नकोस.

पात्रता पर्म दाखल होण्याच्या दिवशी पूर्ण असावी लागते. शिवाय याच कंपनीतला अनुभव सहसा धरत नाहीत, म्हणजे सगळी भिस्त पुण्यातल्या जुन्या नोकरीवर. एचआरकडून मिळणारं दोन ओळींचं ‘अमुक ते अमुक काळात कामावर होते, वर्तणूक चांगली’ असलं पत्र उपयोगाचं नाही. लेटरहेडवर हुद्दा, तारखा, पूर्ण वेळ काम, रोज काय करायचास आणि कोणती तंत्रं वापरायचास हे हवं. खाली सही करणाऱ्याचं नाव आणि पद. कंपनी देत नसेल तर तेव्हाच्या मॅनेजरकडून प्रतिज्ञापत्र घे. तो माणूस अजून संपर्कात आहे तोवर घे.

वकील कंपनीचा आहे, तुझा नाही, हे लक्षात असू दे. तरी त्याला सरळ ईमेलवर विचार की माझी पदवी तुम्ही काय म्हणून धरता आहात आणि कोणत्या गटात अर्ज करणार. पात्रतेचा मसुदा आला की मला पाठव. शनिवारी सकाळी मी घरीच असतो, एकेक शब्द बघू.

तुझा,
काका