मुलं विज्ञानाच्या तासाला प्रश्नच विचारत नाहीत, काय करू?

तुमचा सातवीचा वर्ग ४० मुलांचा, प्रयोगशाळा नाही, आणि "काही शंका?" म्हटलं की सगळे गप्प. गप्प बसणारच, कुठे अडल्याशिवाय शंका येत नाही. दोलकाचा, म्हणजे दोऱ्याला टांगून झुलवलेल्या वजनाचा, धडा न वाचता आधी दोरा हातात द्या.

पाच-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटाला सव्वा मीटर लांबीचा जाड दोरा, सारखे तीन लोखंडी नट, मोजपट्टी, सेकंदकाट्याचं घड्याळ. दोरा खिडकीच्या गजाला घट्ट बांधा, खालच्या टोकाला नट. एक झोका म्हणजे नट जाऊन परत येणं. एकच प्रश्न टाका: दहा झोक्यांचा वेळ कशाने बदलेल, वजनाने, लांबीने की झोक्याच्या मोठेपणाने? अंदाज आधी पेनाने वहीत. हे चुकवू नका, नाहीतर मुलं नंतर अंदाज उत्तराला जुळवून घेतात.

लांबी गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत मोजायची. २५ सेंमीला दहा झोके १० सेकंदांत होतात, १०० सेंमीला २० सेकंदांत. कुणाचे १८ आले तर त्याने दोलक सोडतानाच "एक" म्हटलंय. तिथे "शून्य" म्हणायचं.

एखादा गट ठामपणे सांगेल की वजनाने वेळ वाढतो. त्यांनी नट एकाखाली एक टांगलेले असतात, त्यामुळे दोलकच लांब झालेला असतो. नट २ सेंमीचे असतील तर २५ सेंमीच्या दोलकाला दहा झोक्यांत साधारण ०.४ सेकंद वाढतात. लगेच "चूक" म्हणू नका. तिन्ही नट एकाच जागी बांधलेल्या गटाचा दोलक त्यांच्या शेजारी टांगा आणि थांबा. फरक कुठे आहे ते मुलंच बोट ठेवून दाखवतात. मोठ्या झोक्याला जास्त वेळ लागतो म्हणणारी मुलं तर बरोबरच असतात: ६० अंशांवरून सोडल्यास वेळ सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. बाकीची मोजमापं १५ अंशांच्या आत ठेवा.

मग आव्हान द्या: मिनिटाला बरोबर ४० झोके घेणारा दोलक बनवा. २५ सेंमीला ६० आणि १०० सेंमीला ३० झोके, म्हणून त्रैराशिकाच्या सवयीने मुलं ७५ सेंमी धरतात. मोजल्यावर जेमतेम ३५ भरतात. "सर, असं का?" इथे ऐकू येतं. ५६ सेंमी हे उत्तर सांगू नका. आलेख काढू द्या, दुसऱ्या दिवसापर्यंत अडू द्या.

मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद (आताच्या नर्मदापुरम) जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञान कार्यक्रमाचा पायाही हाच होता: करून बघायचं, निष्कर्ष आपला आपण लिहायचा. याला एक नाही, तीन तासिका लागतील. त्या आधीच मागून घ्या.