पाणी वाचवल्याने वीज कशी वाचते?
वीज दोन ठिकाणी वाचते. छत्रपती संभाजीनगरचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे शहरापेक्षा सुमारे 100 मीटर खालून, पंपांनी उचलून आणावे लागते. 1,000 लिटर पाणी तेवढे चढवायला, पंपातील घट धरली नाही तरी, पाव युनिटहून अधिक वीज लागते. गच्चीवरील टाकीत ते चढवण्याचा खर्च वेगळा.

घरात मात्र खरी वीज खातो तो गीझर. 20 लिटरची बादली 20 अंशांवरून 40 अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यास जवळपास अर्धे युनिट जाते. त्यामुळे गळका नळ दुरुस्त करावाच, पण वीजबिल कमी करायचे असेल, तर आधी गरम पाण्याचा लांबलेला शॉवर सोडून बादलीने आंघोळ करावी. सौर बंब असलेल्यांना हा हिशेब अर्थातच तितकासा लागू नाही.