तारांच्या उपचारात ब्रशसाठी मोबाइलवर आठवण लावल्याने खरोखर फरक पडतो का?

आपण विचारले आहे की, तेरा वर्षांच्या मुलीच्या दातांना तारा बसवून चार महिने झाले, प्रत्येक भेटीत डॉक्टर हिरड्या सुजल्याचे सांगतात आणि फोनवर दिवसातून तीनदा गजर लावूनही ती नीट ब्रश करत नाही. तेव्हा अशा आठवणींचा काही उपयोग असतो का? मी दंतवैद्य असून तारांचे उपचार हेच माझे रोजचे काम आहे. उपयोग निश्चित होतो, पण गजर कोणत्या वेळी वाजतो आणि ब्रश झाल्यावर दात कोण पाहते, यावर तो अवलंबून असतो.

याचा अभ्यास झालेला आहे. २०१४ मध्ये ‘अँगल ऑर्थोडॉन्टिस्ट’ या नियतकालिकात आलेल्या एका अमेरिकन चाचणीत दर आठवड्याला एक संदेश रुग्ण मुलांना नव्हे, तर त्यांच्या पालकांना पाठवला जात होता, आणि त्या मुलांच्या दातांवरचा थर व हिरड्यांची सूज इतरांपेक्षा कमी आढळली. त्याच नियतकालिकात २०१६ मध्ये इटलीतील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात किशोरवयीन रुग्णांचा व्हॉट्सअ‍ॅप गट करून आपल्या दातांचे फोटो त्यात टाकायला सांगितले होते आणि सर्वांत स्वच्छ दातांची क्रमवारीही जाहीर होत असे. त्या मुलांचीही स्थिती अधिक चांगली राहिली. दोन्हीकडे नुसता गजर नव्हता, विचारणारे कोणीतरी होते, आणि माझ्या मते खरा परिणाम त्याचाच आहे.

आपल्याकडे गजर बहुधा रात्री नऊला लावलेला असतो. त्या वेळी मूल एकतर ताटावर बसलेले असते किंवा गृहपाठात असते, त्यामुळे बोट आपोआप ‘स्नूझ’कडे जाते आणि आठवड्याभरात तो आवाज कानावर पडेनासा होतो. म्हणून तीन गजर बंद करून रात्रीचा एकच ठेवावा, आणि तो जेवणानंतर, अंथरुणे घालायच्या सुमारास वाजावा. सकाळचा ब्रश दात घासायच्या जुन्या सवयीने होतोच. शाळेत डबा खाल्ल्यावर खळखळून चूळ भरली तरी पुष्कळ झाले. रात्री तारांना लावायचे छोटे रबर बदलायचे असतील, तर तेही याच गजराला जोडून टाकावेत. गजरासोबतच्या संदेशात ‘ब्रश कर’ असे मोघम लिहिण्याऐवजी ‘खालच्या दातांची हिरडीकडची बाजू’ असे नेमके लिहावे आणि दर आठवड्याला मजकूर बदलावा.

नेमके लिहायचे कारण असे की, तारा असलेले मूल ब्रश बहुतेक वेळा ब्रॅकेटवरूनच, म्हणजे तार धरून ठेवणाऱ्या, दाताला चिकटवलेल्या छोट्या तुकड्यावरूनच फिरवते. ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधली जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची पट्टी तशीच राहते, आणि पिवळट, मऊ थर तिथेच साचतो. महिनाभरातही त्याखालचे इनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण कवच, क्षार गमावून पांढरट होऊ शकते, आणि उपचार संपून ब्रॅकेट काढले की त्याच्या जागेभोवती खडूसारखी पांढरी चौकट दिसते. ब्रश हिरडीकडे तिरका धरून आधी ब्रॅकेटच्या वरून, मग खालून फिरवावा. तारेखालून दातांच्या फटींत जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश घालावा आणि फ्लोराइडयुक्त पेस्टच वापरावी. हिरडीतून रक्त आले म्हणून मुले ती जागा टाळतात, पण ते रक्त तिथे साचलेल्या थरामुळेच येत असते. मऊ ब्रशने तीच जागा रोज साफ होऊ लागली की एक-दोन आठवड्यांत सूज ओसरू लागते.

आता पाहणाऱ्याबद्दल. आठवड्यातून एकदा, समजा रविवारी रात्री, ब्रश झाल्यावर दातांवरचा थर रंगवणारी डिस्क्लोझिंग टॅब्लेट चघळायला द्यावी. राहिलेला थर गडद गुलाबी होतो आणि आरशात मुलीला स्वतःलाच दिसतो, त्यामुळे आपल्याला ओरडावे लागत नाही. त्या अवस्थेचा फोटो तिनेच काढून आपल्याला पाठवावा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावा. बक्षीस द्यायचेच असेल तर चिक्की किंवा चॉकलेट नको; चिक्कीने ब्रॅकेट निखळतो, ते वेगळेच.

तीन-चार आठवडे असे करूनही हिरड्या फुगलेल्याच राहिल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. काही वेळा दात यंत्राने साफ करून घ्यावे लागतात, तर कधी सूज उतरेपर्यंत तार काही काळ काढून ठेवावी लागते.