मान लांब म्हणून मणका दबला?

प्रश्न : आमचा ग्रेट डेन कुत्रा दोन वर्षांचा आहे. चालताना त्याचे मागचे पाय दारू प्यायल्यासारखे लटपटतात. मान लांब, डोकं जड, म्हणूनच हे झालं का?

उत्तर : मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण आखूड मानेचे डेनही लटपटताना पाहिलेत. नुसत्या मापांवरून निदान होत नाही. ‘वॉबलर’ या लटपटीच्या आजारामध्ये मानेत मज्जारज्जू दबतो, तरुण डेनमध्ये बहुधा हाड वाढून, मध्यमवयीन डॉबरमनमध्ये मणक्यांमधली चकती फुगून. मागच्या पंजांची नखं बघा. मधली दोन घासून बोथट झाली असतील, तर पाय फरफटतोय. गळ्यातला पट्टा आजच काढा, छातीला हार्नेस बांधा. उड्या बंद. दाब नेमका कुठे, ते एमआरआयमध्ये दिसेल. आणि घरच्या डब्यातली वेदनाशामक गोळी? मुळीच नको!