खातं मुलाच्या नावाचं, कार्ड भलत्याच्या खिशात

(या वेळचे सगळे प्रश्न बडोद्याचे : विद्यार्थ्यांचे आणि एका आईचा.)

प्रश्न : मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका ओळखीच्याने त्याला बँकेत खातं उघडायला लावलं आणि एटीएम कार्ड, सिम स्वतःकडे ठेवून घेतलं. महिन्याला पाच हजार देतो. मुलगा म्हणतो, "मी कुणाला फसवलेलं नाही." काळजी करावी का? (दांडिया बाजार)

उत्तर : करावी, आणि आजच. अशा खात्याला बँकवाले आणि पोलीस 'म्यूल अकाउंट' म्हणतात. शेअर ट्रेडिंगच्या आमिषाने किंवा 'डिजिटल अरेस्ट'च्या (व्हिडिओ कॉलवरच्या तोतया पोलिसांच्या अटकेच्या) धाकाने लुबाडलेला पैसा ठग स्वतःच्या खात्यात घेत नाही. तो अशा भाड्याच्या खात्यांतून फिरवतो आणि काढून घेतो. फसलेल्या माणसाने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली की खातं गोठतं, आणि पोलीस आधी पोचतात ते ज्याची केवायसी आहे त्याच्या दारात. म्हणजे तुमच्या.

बँकेत लेखी अर्ज देऊन कार्ड आणि नेटबँकिंग बंद करा. सिम ब्लॉक करा, स्टेटमेंट काढा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका. घाबरून पोरं नेमकं तेच आधी करतात. खात्यात पडलेल्या रकमेला हात लावू नका, त्या ओळखीच्याला 'परत'ही करू नका. वकिलाला घेऊन सायबर पोलिसांकडे आपणहून जा. ते बोलावतील तेव्हा बघू, असं नको.

ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे मुलाला शाळेपासून पाठ असणार. कॉलेजातली बहुतेक मुलं डिजिटल नागरिकत्वाचा अर्थ एवढाच धरतात : आपण फसायचं नाही. आपल्यामुळे दुसऱ्या कुणाच्या आयुष्याची कमाई जाऊ शकते, हे त्यांच्या हिशेबात येतच नाही. महिन्याचे पाच हजार कशाचे, हे मुलाला एकदा घरात बसवून विचारा.

प्रश्न : वर्गाच्या ग्रुपचा मी अ‍ॅडमिन. एकाने आमच्या मॅडमचा चेहरा भलत्याच फोटोवर चिकटवून टाकला. मी काही बोललो नाही. मी अडकेन का?

उत्तर : केवळ अ‍ॅडमिन म्हणून, नाही. सभासदाच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही, दोघांचा तसा संगनमताचा बेत असल्याशिवाय, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. मात्र चित्र अश्लील असेल तर ते पुढे ढकलणारा प्रत्येक जण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली येऊ शकतो. आणि तुम्ही विचारलंत ते स्वतःबद्दल. मॅडमचं काय? अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, तो करा. मग मॅडमना जाऊन सांगा. तक्रार करायची की नाही ते त्या ठरवतील.

प्रश्न : गरब्यात काढलेल्या रीलमध्ये अनोळखी मुली दिसतात. परवानगी लागते का?

उत्तर : हजारोंच्या फेऱ्यात कुणाकुणाला विचारणार! पण एकीवरच कॅमेरा रोखून, वर खोचक ओळ टाकून रील केलीत तर ती वेगळी गोष्ट. कुणी काढायला सांगितलं तर वाद न घालता काढा.

प्रश्न : एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी इंग्रजी लेखांतले उतारे मी गुजरातीत उतरवले. उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साम्य फक्त ६ टक्के आलं. चालेल ना?

उत्तर : नाही. (बडोद्याच्या मुलांना तीन-चार भाषा येतात, त्याचा हाही उपयोग!) यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. तुम्ही तो आकडा धरून बसलात. सॉफ्टवेअर शब्द जुळवतं. विचार कुणाचा, हे त्याला कळत नाही. परीक्षकाने मूळ लेख वाचलेला असेल तर त्याला दुसऱ्या पानावरच कळेल. गंमत म्हणजे नाव देऊन अवतरणात घेतलेला मजकूर त्या टक्क्यांत धरतच नाहीत, तेव्हा चोरून फायदा काहीच नाही. प्रत्येक उताऱ्याखाली मूळ लेखक, लेख, पान लिहा. अनुवाद तुमचा असेल तर तसंही लिहा. आणि सबमिशनच्या आधी गाइडना दाखवा : आत्ता झाली तर ती दुरुस्ती, नंतर झाली तर चौकशी.