वाचकांचे प्रश्न : स्वालबार्डची सफर

प्रश्न : ताडोबाला आम्ही वर्षानुवर्षे जात आहोत. आता नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात जहाजाने जाऊन ध्रुवीय अस्वले पाहण्याची इच्छा आहे. पण तिथे आता अस्वलांच्या जवळ जाऊ देत नाहीत, असे समजले. मग एवढा खर्च करून जाण्यात अर्थ आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. १ जानेवारी २०२५ पासून तिथे अस्वलापासून किमान ३०० मीटर दूर राहणे बंधनकारक आहे आणि १ मार्च ते ३० जून या काळात हे अंतर ५०० मीटर आहे. वसंतात जास्त अंतर ठेवण्यामागे ठोस कारण आहे. माद्या मार्च-एप्रिलमध्ये पिलांना घेऊन बर्फातल्या गुहेबाहेर येतात, तेव्हा त्या कित्येक महिन्यांच्या उपाशी असतात, आणि समुद्रावर गोठलेल्या बर्फावर सील पकडून वर्षभराची चरबी साठवण्याचे हेच दिवस असतात. अशा वेळी जहाजाच्या चाहुलीने एक शिकार हुकली, तरी त्याची झळ पिलांना बसते. बर्फाचा हंगाम आखूड होत चालला असल्याने हे दिवसही कमी होत आहेत.

या अस्वलांची शिकार नॉर्वेने १९७३ मध्ये थांबवली. त्यांना आमिष दाखवणे, त्यांचा पाठलाग करणे किंवा त्यांना बिचकवणे हा आज तिथे गुन्हा आहे. ताडोबात वाघ रस्त्यावर आला की गाड्या त्याच्याभोवती गोळा होतात, तशी अपेक्षा मनात ठेवून कृपया तिकडे जाऊ नये. वाटेत अचानक अस्वल दिसले, तर जहाजाने शांतपणे मागे सरून ठरलेले अंतर गाठायचे असते. वस्तीबाहेर किनाऱ्यावर उतरताना वाटाड्याजवळ इशाऱ्याचे पिस्तूल आणि रायफल असते, पण ती अगदी शेवटचा उपाय म्हणून. जुलै २०१८ मध्ये पर्यटकांना उतरवण्यापूर्वी एका बेटाची पाहणी करायला गेलेल्या पथकातील रक्षकावर अस्वलाने हल्ला केला आणि ते अस्वल मारावे लागले. माणूस तिथे पोहोचला नसता, तर ते जनावर जगले असते. ही घटना आठवली की मला ३०० मीटर मुळीच जास्त वाटत नाहीत.

आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की, केवळ जवळून छायाचित्र मिळावे म्हणून जाणार असाल, तर जाऊ नये. चांगल्या दुर्बिणीतून मात्र हिमखंडावरून चालत जाणारे, थबकून वाऱ्याचा वास घेणारे अस्वल उत्तम दिसते, आणि आपल्या असण्याने त्याच्या वागण्यात काहीही फरक पडलेला नसतो. हे मला जवळच्या छायाचित्राहून कितीतरी मोलाचे वाटते. १० × ४२ ची (दहापट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण प्रत्येकाजवळ स्वतंत्र असावी.

प्रश्न : जून, जुलै की ऑगस्ट? आम्हाला पक्ष्यांची विशेष आवड आहे. (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर : पक्ष्यांसाठी जायचे तर जुलैचा पूर्वार्ध निवडावा. जूनच्या सुरुवातीला जमिनीवर बरेच बर्फ असते आणि चालण्यावर मर्यादा येतात. ऑगस्टमध्ये जहाजांना उत्तरेकडे अधिक मोकळे पाणी मिळते, पण तोवर पक्ष्यांचे घरटी करण्याचे उंच खडक ओस पडू लागलेले असतात. लाँगयिअरब्येन या मुख्य गावी साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्टपर्यंत सूर्य मावळत नाही, त्यामुळे रात्री दोन वाजताही निरीक्षण करता येते.

आल्केफ्येलेट हा कडा आपल्या मार्गात असेल असे पाहावे. तिथल्या काळ्या खडकाच्या अरुंद कंगोऱ्यांवर ब्रुनिखचे गिलेमॉट हे समुद्रपक्षी हजारोंच्या संख्येने घरटे न बांधताच अंडी घालतात. पंख पुरते भरण्यापूर्वीच पिल्ले कड्यावरून समुद्राकडे झेप घेतात आणि त्यानंतर त्यांचा सांभाळ बाप पाण्यात करतो. खाली पडणाऱ्या पिलांवर कोल्हे टपून असतात. अशा कड्यांच्या पायथ्याशी नजर टाकली, तर एरवी राखाडी दिसणाऱ्या या प्रदेशात अचानक हिरवेगार पट्टे दिसतात. पक्षी समुद्रातले अन्न विष्ठेच्या रूपाने जमिनीवर आणतात, त्यावर शेवाळ आणि गवत माजते आणि त्यावर आखूड पायांचे स्वालबार्ड रेनडिअर चरतात. समुद्र आणि जमीन यांचे नाते इतके उघडपणे दाखवणाऱ्या जागा फार थोड्या असतील. हे शेवाळ पावलांनी तुडवले, तर भरून यायला कित्येक वर्षे लागतात. म्हणून वाटाड्या ज्या खडीवरून नेईल, तिथूनच चालावे.

किनाऱ्यावर पडलेली देवमाशांची हाडे उचलू नयेत, हेही इथेच सांगतो. सतराव्या शतकात युरोपीय शिकाऱ्यांनी इथले बोहेड देवमासे जवळजवळ संपवले. ती हाडे त्याची साक्ष आहेत आणि १९४६ पूर्वीच्या मानवी खुणांना तिथे कायद्याचे संरक्षण आहे.

प्रश्न : आई-वडील सत्तरीच्या घरात आहेत. त्यांना हा प्रवास झेपेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : जहाजावरून रबरी होडीत उतरता-चढता येत असेल, तर झेपेल. खरी अडचण आजारपणाची आहे. लाँगयिअरब्येनचे रुग्णालय लहान असून गंभीर रुग्णाला विमानाने नॉर्वेच्या मुख्य भूमीवरील ट्रॉम्सोला हलवावे लागते, आणि जहाज दूर उत्तरेत असल्यास मदत यायलाच वेळ लागतो. शोध आणि बचावाचा खर्च देणारा विमा घेतल्याशिवाय निघू नये. शाकाहारी जेवण आरक्षणाच्या वेळीच कळवावे.

प्रश्न : व्हिसा कोणता लागतो? आणि भारताचे संशोधन केंद्र पाहता येते का? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : स्वालबार्डला स्वतंत्र व्हिसा लागत नाही, परंतु ते शेंगेन क्षेत्राबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या समूहाबाहेर) असल्याने ऑस्लोहून जाऊन परत ऑस्लोला आल्यावर शेंगेनमधला दुसरा प्रवेश धरला जातो. म्हणून दोन किंवा अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा मागावा.

भारताचे ‘हिमाद्री’ हे केंद्र २००८ मध्ये नी-ओलेसुंद या संशोधकांच्या वस्तीत सुरू झाले. काही जहाजे तिथे थांबतात आणि इमारत बाहेरून पाहता येते. आत जाण्याची अपेक्षा ठेवू नये, कारण तिथे काम चाललेले असते. रस्ता सोडू नये, कारण कडेलाच आर्क्टिक सुरय पक्ष्यांची घरटी असतात आणि ते डोक्यावर झेपावतात. तिथली उपकरणे अतिशय संवेदनशील असल्याने वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवण्याचा नियम आहे, तेव्हा जहाज वस्तीजवळ पोहोचण्यापूर्वीच फोन आणि कॅमेऱ्यातील या सोयी बंद कराव्यात.